आच, धग, झळ आणि फुफाटा

उष्णतेसाठीच्या मराठी शब्दांची यादी करताना कुणीतरी धग आणि झळ एकच असं म्हटलं, ते मला पटत नाही. धग जागची असते. ज्वाळा दिसत नसली तरी भट्टीपाशी उभं राहिलं की ती अंगाला जाणवते. झळ येते नि लागते, बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर. म्हणूनच महागाईची झळ बसते आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या गरम वाऱ्यालाही झळाच म्हणतात. आच मात्र स्वयंपाकाची. ती मंद ठेवता येते, वाढवता येते, म्हणजे माणसाच्या हातातली. चुलीला जोडलेल्या वैलात, म्हणजे बाजूच्या लहान चुलीत, सरपण घालत नाहीत. मुख्य जाळाची जी आच तिथे पोचते तिच्यावर आमटी गरम राहते, दूध सावकाश तापतं.

या यादीत फुफाटा कुणीच घेतला नाही, याचं आश्चर्य वाटलं. फुफाटा म्हणजे निखाऱ्यांवरची तापलेली राख. वरून करडी, निवल्यासारखी दिसते, पण काडीने उकरली की आत लाल विस्तव. वांगं, कांदा, रताळं त्यात पुरून ठेवलं की आतपर्यंत मऊ होतं. जाळावर धरलं तर साल करपते आणि गाभा कच्चाच राहतो. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण मला त्यामुळेच फार नेमकी वाटते. आग निदान दिसते, माणूस लांब राहतो. फुफाट्यात पाय पडेपर्यंत कळतच नाही. धुळीलाही फुफाटा म्हणतात, पण या म्हणीतला फुफाटा म्हणजे भाजणारी राखच.