सोलापूरसाठी मागायचं तरी काय? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

मंगळवार, रात्री

सेक्रेटरी (ए-२०१): नमस्कार मंडळी 🙏 रविवारी ठरल्याप्रमाणे आजूबाजूच्या सहा सोसायट्या मिळून शहराला आर्थिक मदत द्या म्हणून पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचंय. मसुदा आपल्याकडं आलाय कारण ए-१०२ मॅडम मराठी शिकवायच्या. प्रत्येकानं एकेक मुद्दा टाका. फक्त मुद्दा. फॉरवर्ड नको, गुड नाईट नको.

सी-१०३ मेडिकलवाले: पाणी

सी-१०३ मेडिकलवाले: पाणी, पाणी आणि पाणी. झाला मसुदा, करा सह्या

बी-२०१ अण्णा: पाणी तर हायच की बे. पण ते प्यायला माणूस तरी राहायला पाहिजे का नको गावात. आधी काम. मदत म्हणजे कामाला मदत, असं लिवा मॅडम

ए-१०२ मॅडम: अण्णा, थोडं विस्तारानं सांगा म्हणजे मला लिहिता येईल.

बी-२०१ अण्णा: विस्तारानं म्हणजे आता कुठनं सुरू करू. जुनी गिरणी १८७७ ची, आमचे आजोबा तिकडून तेलंगणातनं आले ते गिरणीच्याच आशेनं, वडील लक्ष्मी-विष्णूत, भोंगा झाला की आई भाकरी तव्यावर टाकायची. गिरण्या गेल्या, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू पण गेली, मग आमच्यासारख्यांनी घरात माग टाकले, मग एमआयडीसीत शेड घेतलं, चादरीचं चालंना म्हणून टॉवेलवर आलो. आता टॉवेलमध्ये पण सुताचा भाव सकाळी एक संध्याकाळी एक, ऑर्डर घेताना धरलेला भाव माल पाठवेपर्यंत राहत नाही. कामगार मिळत नाही, म्हातारे तेवढे उरलेत, त्यांची पोरं मागावर उभी राहायला तयार नाहीत आणि मी पण माझ्या पोराला उभं केलं नाही, खोटं कशाला बोलू.

बी-२०१ अण्णा: आणि चादर. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आपलं, नाव आपलं, माल पानिपतचा. रस्त्यावर दीडशेला सोलापुरी चादर म्हणून विकतेत ती हातात घेऊन बगा एकदा. खरी चादर धुतल्यावर अजून मऊ होती, ती धुतल्यावर मच्छरदाणी होती

सी-१०३ मेडिकलवाले: मच्छरदाणी 😂 पण अण्णा वीज सवलत मिळती की तुमाला

बी-२०१ अण्णा: मिळती की. २७ हॉर्सपॉवरच्या आतल्याला युनिटमागं एक रुपया जादा सवलत, वरच्याला पंचाहत्तर पैसे. नाही म्हणत नाही. पण माग बंद असला तर सवलत कशावर घेऊ, फॅनवर?

बी-४०४ (पुण्यात): मी वाचतोय सगळं. एक बोलू का. आई-बाबा तिथंच आहेत म्हणून बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पुण्यात बसून अक्कल शिकवतो. माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधले जवळपास सगळे पुण्यात, दोन हैदराबाद, एक बंगळूर. सोलापुरात राहिला तो एकच, त्याच्या वडलांचं दुकान होतं म्हणून. सोमवारच्या सकाळच्या पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसला चढून बघा, अख्खं सोलापूर भेटतं. पुण्यात आमच्या सोसायटीत बारा घरं सोलापूरची आहेत आणि आम्ही सगळे शेंगाचटणी तिकडनंच मागवतो, पण पगार इथं, टॅक्स इथं, खर्च इथं. त्यामुळं निवेदनात आयटी पार्कचं नक्की टाका, घोषणा झालीय, पाठपुरावा करा.

सी-१०३ मेडिकलवाले: घोषणा झाली की झालं रे बाबा आमचं. २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली यादी आली वीस गावांची त्यात आपण नववे. नववे! माझ्या दुकानात पेढे वाटले होते मी. रंगभवनचा रस्ता गुळगुळीत झाला, दिवे लागले, फोटो छान येतेत. पण माझ्या घरच्या नळाला स्मार्ट कोण करणार

सी-१०३ मेडिकलवाले: विमानाचं पण तसंच, १५ जून २०२३ ला विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, कितीजण रडले त्या दिवशी, आणि गोव्याचं विमान उडलं ९ जून २०२५ ला. दोन वर्षं नुसतं आकाशाकडं बघितलं

बी-२०१ अण्णा: उडलं ना पण. ते चांगलंच झालं की. बाहेरचा खरेदीदार यायला पाहिजे तर विमान पाहिजेच. त्याला हुतात्मात कोंबून आणू का

ए-३०३ बँकवाले काका: मी जरा मोठं लिहितोय, सावकाश वाचा. आपण सगळे रोग सांगतोय, निवेदनात औषध मागायचं असतं. आता माझं म्हणणं ऐका. जकात होती तेव्हा पालिकेला रोजचा पैसा रोज यायचा, नाक्यावर ट्रक थांबला की तिजोरीत खण्ण. नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तीही माफ झाली, म्हणजे आपल्या गावात जवळजवळ सगळ्यांनाच, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता महिन्याला शासनाकडून भरपाईचं अनुदान येतं, आणि त्याच्यावर पगार, पेन्शन. हे अनुदान कसं ठरलं? त्या वेळचं जकात-एलबीटीचं उत्पन्न धरलं आणि त्यावर दरसाल आठ टक्के वाढ. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या गावाच्या गिरण्या आधीच बंद, ज्याची वसुलीच मुळात बारीक, त्याचा पाया बारीक धरला गेला. पुण्याचे आठ टक्के आणि सोलापूरचे आठ टक्के एक नाहीत.

ए-३०३ बँकवाले काका: आणि दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. स्वहिस्सा. केंद्राची योजना आली की काही टक्के केंद्र देतं, काही राज्य देतं, आणि उरलेला वाटा महापालिकेनं स्वतः घालायचा. ज्याच्याकडं आहे त्याला मिळतं. ज्याच्याकडं नाही त्यानं एकतर कर्ज काढायचं नाहीतर फाईल कपाटात ठेवायची. लग्नात आहेर करायला पैसे नाहीत म्हणून जेवायलाच न जाणारे पाहुणे असतात ना, तसं आपलं झालंय. तेव्हा एकच मागा: सोलापूरचा स्वहिस्सा काही वर्षं राज्यानं भरावा. बाकीचं सगळं आपोआप निघतं.

ए-१०२ मॅडम: काका, हे फार महत्त्वाचं आहे. मला स्वहिस्सा हा शब्द माहीत होता, अर्थ आज कळला.

बी-२०१ अण्णा: काका तुमी बँकेत होता का मंत्रालयात

ए-३०३ बँकवाले काका: बँकेतच. कर्ज बुडालेल्यांच्या फाईली बघून बघून कळतं.

बी-१०४ अक्का: मी पण बोलू का, मला टाईप करायला वेळ लागतो. आमच्याकडं भांड्याला येणारी बाई दुपारी विड्या वळते. हजार विड्या झाल्या तर त्या दिवसाची मजुरी, त्यात पान खराब निघालं तर विड्या बाजूला काढतात, तेवढे पैसे गेले. तिला कुंभारीच्या रे नगरमध्ये घर मिळालं, ते तीस हजार घरांचं आहे ना, कामगार नेते आडम मास्तरांचं, जानेवारी २०२४ ला पंतप्रधान येऊन पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या देऊन गेले ते. घर फार छान आहे हो, स्वतःचं संडास बाथरूम, मी जाऊन आले, ती चहा करताना रडत होती. पण काम इथं गावात आणि घर तिकडं. येण्याजाण्यात निम्मा पैसा रिक्षाला. मग म्हणते अक्का घर मिळालं आता काम पण तिकडं न्या म्हणावं. तुमच्या निवेदनात हे कुठं बसतं का बघा. बसत नसेल तर राहू द्या.

ए-१०२ मॅडम: बसवू अक्का. नक्की बसवू.

बी-४०४ (पुण्यात): पण दुहेरी पाईपलाईन झाली ना उजनी धरणाची? ११० किलोमीटर. पुण्यात पेपरला वाचलं की आता रोज पाणी

सी-१०३ मेडिकलवाले: पेपरला रोज येतंय

ए-३०३ बँकवाले काका: थट्टा नको, मोठं काम झालंय ते. एनटीपीसी या वीज कंपनीनं पण त्यात पैसे घातलेत. १३२० मेगावॉटचा प्रकल्प आपल्या उशाला आहे, तेवढं त्यांनी करायलाच पाहिजे होतं. पण उजनीहून पाणी गावाच्या वेशीपर्यंत आलं म्हणजे घरात आलं नाही. टाक्या वाढायला पाहिजेत, गावातल्या जुन्या लाईनी बदलायला पाहिजेत. मोठी बादली आणली पण तांब्या तोच. आणि त्या गावातल्या लाईनीच्या योजनेत परत तेच, स्वहिस्

बी-१०४ अक्का: पाणी आलं

सी-१०३ मेडिकलवाले: पाणी आलं!! मोटर कुणी लावली नाही वाटतं, सी विंगला अजून हवाच यायलीय

सेक्रेटरी (ए-२०१): ए विंग आधी खालच्या टाकीचा कॉक उघडा. कृपया कोणीही डायरेक्ट मोटर लावू नये. कृपया.

बी-२०१ अण्णा: बी विंगला आलं. प्रेशर बरं हाय. पोरं उठवा

ए-३०३ बँकवाले काका: माझा मेसेज अर्धाच गेला. उद्या लिहितो.

बुधवार

सेक्रेटरी (ए-२०१): मॅडमनी कच्चा मसुदा केलाय, खाली टाकतो.

ए-१०२ मॅडम: "मा. पालकमंत्री यांस सविनय सादर. सोलापूर महानगरपालिकेची आर्थिक स्थिती लक्षात घेता पुढील विनंती आहे. एक, केंद्र व राज्य पुरस्कृत पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण योजनांतील महानगरपालिकेचा स्वहिस्सा किमान पाच वर्षे राज्य शासनाने भरावा. दोन, रे नगरसारख्या कामगार वसाहतींच्या जवळ विडी, गारमेंट व यंत्रमाग कामगारांसाठी कामाच्या जागा उभाराव्यात व तेथून शहरात येण्यासाठी पुरेशा बस द्याव्यात. तीन, सोलापुरी चादर व टॉवेल या नावाने होणाऱ्या बनावट मालावर कारवाई करावी, आणि शासकीय रुग्णालये, वसतिगृहे व विश्रामगृहे यांसाठी लागणाऱ्या चादरी व टॉवेल सोलापुरातून घ्यावेत." तिसरा मुद्दा अण्णांचा आहे, शेवटचं वाक्य मी घातलंय.

बी-२०१ अण्णा: मॅडम. शेवटचं वाक्य एक नंबर. हे आमच्या असोसिएशनला पण सुचलं नसतं. सरकारी दवाखान्यात आपली चादर टाकली तर वर्षभर माग बंद पडायचे नाहीत

सी-१०३ मेडिकलवाले: आयटी पार्क कुठाय

ए-१०२ मॅडम: घोषणा झालेल्या गोष्टी पुन्हा मागितल्या की निवेदन जड होतं असं काकांचं मत. मला पटलं.

बी-४०४ (पुण्यात): ठीक आहे 👍 (पटलं नाही, पण ठीक आहे)

बी-२०१ अण्णा: फक्त एक, 'विनंती' का? 'मागणी' लिवा. १९३० ला मार्शल लॉ लागलेलं गाव हाय हे, चार हुतात्मे दिलेलं. विनंती काय

ए-३०३ बँकवाले काका: अण्णा, पैसे मागताना विनंतीच करतात. मी तीस वर्षं बघितलंय. आणि आता जे लिहितो त्याबद्दल राग मानू नका. काल रात्री मी जुनी फाईल काढली. आपल्या सोसायटीच्या मोकळ्या जागेची आणि पार्किंगची मिळकत पट्टी तीन वर्षं थकलेली आहे.

सी-१०३ मेडिकलवाले: काय सांगता

सेक्रेटरी (ए-२०१): काका ते बिलात क्षेत्रफळ चुकीचं लागलंय, आपण तक्रार अर्ज दिलेला आहे.

ए-३०३ बँकवाले काका: अर्ज दिलेला आहे, मान्य. तो मीच लिहिला होता. पण उत्तर आलं नाही म्हणून आपण निम्मी पण भरली नाही. उद्या निवेदन घेऊन गेलो आणि कुणी साहेबानं विचारलं तुमच्या सोसायटीची पट्टी भरलीय का, तर मॅडम काय बोलणार? आणि आपणच नाही, बाकीच्या पाच सोसायट्यांना पण विचारा. वादात नसलेली रक्कम आधी भरू. शास्तीचं, म्हणजे दंडाचं, नंतर बघू, अभय योजना निघतच असते.

बी-२०१ अण्णा: अभय योजनेची वाट बघून बघूनच तर थकली की काका. सगळं गाव तेच करतंय. जो वेळेवर भरतो तो येडा आणि जो थांबतो त्याला माफी

ए-३०३ बँकवाले काका: बरोबर. म्हणूनच तिजोरी रिकामी.

सेक्रेटरी (ए-२०१): हिशोब केला. वादात नसलेली रक्कम भरायची तर प्रत्येक फ्लॅटला ११५० येतात. शुक्रवारपर्यंत माझ्याकडं द्या.

(दोन तास कुणाचा मेसेज नाही.)

सेक्रेटरी (ए-२०१): सगळ्यांनी वाचलंय असं दिसतंय.

बी-१०४ अक्का: माझे घेऊन जा, कपाटावर ठेवलेत.

सी-१०३ मेडिकलवाले: देतो की राव, दुकानात गिऱ्हाईक होतं. दुकानातनंच घ्या

बी-२०१ अण्णा: माझे दोन फ्लॅटचे धरा. भाडेकरूकडनं मी बघतो. पण 'विनंती' खोडून 'आग्रहाची विनंती' करा, एवढं तरी ऐका

ए-१०२ मॅडम: आग्रहाची विनंती. केलं.

सेक्रेटरी (ए-२०१): सह्यांचा कागद वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय. फ्लॅट नंबर, सही, मोबाईल नको. मागच्या पानावर सही करू नका, गेल्या वेळी झेरॉक्समध्ये उमटली.

बी-४०४ (पुण्यात): काका मी सही करू शकतो का? राहतो पुण्यात

ए-३०३ बँकवाले काका: मतदार यादीत नाव कुठं आहे तुझं?

बी-४०४ (पुण्यात): सोलापूरच. काढलंच नाही कधी. जानेवारीत मतदानाला पण आलो होतो

ए-३०३ बँकवाले काका: मग विचारायचं काय त्यात.

बी-४०४ (पुण्यात): शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मानं येतो. कागद तोपर्यंत राहील ना?

बी-२०१ अण्णा: राहतोय की. पेन तेवढं घिऊन ये, केबिनमधलं कुणीतरी नेलंय