कायम आणि कंत्राटी: पगारातला फरक नेमका कशाचा?

हिशेबनीस: ‘कायम कामगाराचा जादा पगार हा अनुभवाचा मोबदला आहे, कंत्राटी कामगाराला बाजारभाव मिळतो, त्यात अन्याय कसला?’ हे कालच्या लेखातले विधान वाचून गप्प बसवले नाही. कायम कामगाराचा पगार वेतनश्रेणी, वार्षिक वाढ आणि संघटनेशी झालेला करार यांतून ठरतो. कंत्राटी कामगाराचा दर मात्र बहुधा निविदेत ठरतो, जिथे सर्वांत कमी बोलीचा ठेकेदार काम मिळवतो आणि स्वतःचे कमिशन काढून उरलेल्या रकमेत माणसे पुरवतो. यात त्या माणसाचे कौशल्य कोणत्या टप्प्यावर मोजले गेले, हे लेखकाने सांगावे. अनिश्चिततेची तर भरपाईच हवी. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल, म्हणजे पुढच्या कामाची हमी नसलेल्या, कामगाराला साधारणपणे मूळ दरावर २५ टक्के जादा मिळतात. फ्रान्समध्ये मुदतीचा करार संपून कायम नोकरी मिळाली नाही, तर सर्वसाधारणपणे एकूण वेतनाच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते.

मूळ लेखक: ऑस्ट्रेलियातील २५ टक्के हे मुख्यतः न मिळणाऱ्या पगारी रजेच्या बदल्यात असतात, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ च्या जगजीत सिंग निकालात समान काम करणाऱ्या हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतनच दिले. ज्येष्ठतेला काही किंमत आहे की नाही?

पाळीवाला: ज्येष्ठता? मी अनेक वर्षे ठेकेदाराच्या हजेरीपटावर एकाच यंत्रावर होतो. मधल्या काळात ठेकेदार बदलले आणि प्रत्येक वेळी माझी सेवा कागदावर नव्याने सुरू झाली. ज्या कायम मुलाला मी काम शिकवले, त्याचा पहिला पगार माझ्यापेक्षा जास्त होता. वेतन करार झाला, तेव्हा संघटनेने आमचा साधा उल्लेखही केला नाही. मालकापेक्षा मला त्याचाच राग अधिक आहे.

जुना सभासद: संघटनेवर चिखल उडवणे सोपे आहे! ठेकेदाराचा माणूस सभासद झाला, की दुसऱ्या दिवशी त्याला फाटकाबाहेर ठेवतात. तेव्हा त्याच्यासाठी कोण उभे राहिले, हे आपल्याला ठाऊक नसावे.

पाळीवाला: ठाऊक आहे, कारण बाहेर ठेवलेल्यांत मीही होतो, आणि उभे राहिलेले कोणी मला दिसले नाही. आमच्या स्वस्त मजुरीतून वाचलेल्या पैशावरच तुमच्या वेतनवाढी निघतात, म्हणून तुम्ही आम्हाला सभासद करत नाही.

जुना सभासद: हा आरोप बेजबाबदार आहे. मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचे कलम असते. तडजोडीत ते सर्वांत आधी गळते, एवढे मात्र मी नाकारत नाही.

मूळ लेखक: वा, म्हणजे दोषी संघटनाच निघाली, आणि मी उगाच शिव्या खाल्ल्या! ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरावी, एवढी मागणी असेल, तर तिला माझा विरोध नाही. मात्र सरसकट समान पगाराला आहे.

हिशेबनीस: सरसकट कोणी मागितला? भारतातील १९७१ च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांतच अट होती, की मुख्य मालकाच्या थेट कामगारांसारखेच काम करणाऱ्या ठेकेदाराच्या कामगारांना तोच वेतनदर द्यावा. काम तेच की वेगळे, हा वाद निघाला तर निर्णय श्रम विभागाने द्यायचा होता. म्हणून मालक कागदावर कामाचे नाव बदलतो आणि ‘ऑपरेटर’चा ‘मदतनीस’ होतो. पाळीवाले, तुमच्या हजेरीपटावर कोणते पद लिहिले होते?

पाळीवाला: मदतनीस.