अनुभव धागा: अफगाण कुटुंबाचे कॅनडातले पहिले बारा महिने

कॅनडात १९७९पासून निर्वासितांच्या खासगी प्रायोजकत्वाची सोय आहे. किमान पाच जणांचा गट एका कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घेऊ शकतो (अशा गटांचे नवे अर्ज घेणं मात्र नोव्हेंबर २०२४मध्ये थांबवलं गेलं). ओंटारिओत हे काम केलेल्या मराठी मंडळींनी लिहावं. किस्से नकोत, उपयोगाचं सांगा.

कागदपत्रं, ब्रॅम्प्टन
आधी सिन नंबर (नोकरी आणि सरकारी लाभांसाठी लागणारा ओळख क्रमांक), मग चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, आरसी६६ अर्ज. नवरा, बायको, मुलं यांची आडनावं वेगळी असू शकतात आणि जन्मतारीख बऱ्याचदा घरभर १ जानेवारी, कारण खरी तारीख नोंदलेली नसते. औषधाच्या दुकानात दोन भावांच्या गोळ्यांची अदलाबदल होते ती इथेच, त्यामुळे बाटलीवरचं पूर्ण नाव वाचूनच काउंटर सोडा. स्पेलिंग सगळीकडे पीआरच्या (कायम रहिवासाच्या) कागदावर आहे तेच, चुकीचं असलं तरी. उत्पन्न शून्य असलं तरी नवरा-बायको दोघांचंही टॅक्स रिटर्न ३० एप्रिलपर्यंत भरा, नाहीतर जुलैपासून बेनिफिट थांबतं.

घर, मिसिसागा
भाडेकरार कुटुंबाच्या नावावर, गटातलं कुणी फार तर हमीदार. घरमालक फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं अनामत म्हणून मागू शकतो. सहा महिन्यांचं आगाऊ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. वापरलेल्या गाद्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका, ढेकूण येतात. सोफ्यासाठी धावाधाव कशाला? बहुतेकांना तोशक लागतात: भिंतीलगत जमिनीवर अंथरायच्या गाद्या आणि टेकायला लोड.

स्वयंपाकघर
तांदूळ सेला (उकडा) बासमतीच आणा. पलावाचा भात आधी उकळून, निथळून, मग दमावर ठेवतात. साधा बासमती त्यात मोडतो. जड बुडाचं मोठं पातेलं, चाळणी, कुकर, चहाचा थर्मास, हिरवा चहा, वेलची. फ्रिज गच्च भरू नका. दोन दिवसांपुरतं ठेवा आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत हलाल दुकानात जा. काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या.

दवाखाना
भाषा दरी की पश्तो (अफगाणांच्या दोन मुख्य भाषा), हे आधी विचारा. मुलाला दुभाषी करू नका. आईची पाळीची तक्रार दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरपर्यंत पोचत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच स्त्री दुभाषी मागून ठेवा, फोनवरची चालते.

मुलांची थंडी
बोटांचे हातमोजे नकोत, वॉटरप्रूफ मिटन्स (चारही बोटं एकत्र राहतात ते), दोन जोड. एक शाळेत ओला होतोच.

पैसे, टोरंटो
महिन्याच्या खर्चाची रक्कम ठरल्या तारखेला थेट कुटुंबाच्या खात्यात टाका. पाकिटं देऊन वर हिशेब मागणं हा आपल्याकडचा नको तो थोरलेपणा आहे. तेराव्या महिन्याचं भाडं कुठून येणार, ते नवव्या महिन्यातच त्यांच्यासोबत कागदावर मांडा. तोवर नोकरी नसेल तर प्रायोजकत्व संपल्यावर ओंटारिओ वर्क्सकडे (प्रांताची आर्थिक मदत योजना) अर्ज करता येतो. त्याची कागदं आधीच जमवून ठेवा.