उन्हाळ्यातली भीमा आणि परतीच्या वाटेवरचे पाणपक्षी : तुमचे अनुभव

भीमाकाठ
उजनी धरण वजा पातळीत (म्हणजे वापरायचा साठा संपून) गेल्याची बातमी वाचली की सोलापूरकरांना आधी नळाची काळजी लागते आणि ती रास्तच आहे. मला मात्र तिच्यासोबत भीमेवरच्या औज बंधाऱ्याच्या बाजूला उघडी पडलेली वाळू आणि तिथे थांबलेले पक्षीही आठवतात. लोक पक्षी पाहायला थंडीत जातात, पण एप्रिलमध्ये पाणी ओसरल्यावर चिखलाचा जो ओला काठ उरतो, तिथेच उत्तरेकडे निघालेल्या तुताऱ्या आणि टिलवे हे काठावर चरणारे छोटे पाणपक्षी पोटभर खाऊन घेतात. जेमतेम २०-३० ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा वीण घालायला उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जातो आणि त्या प्रवासासाठी लागणारी चरबी आपल्या नदीकाठच्या किड्या-अळ्यांवर अंगी धरतो, हे समजल्यापासून वैशाखातली नदी मला कोरडी वाटेनाशी झाली. तुम्ही काय पाहिले ते अवश्य लिहा.

केतूरकर
आमच्याकडे धरणाचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, सुरू होते आणि पेरणीच्या आधीचे काही दिवस त्या गाळावर गॉडविट उतरतात. थंडीत राखाडी दिसणाऱ्या या पक्ष्याची मान एप्रिलमध्ये विटकरी तांबडी होते. लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून तो शिवणयंत्राच्या सुईसारखा भराभर टोचत पुढे सरकतो. एका सकाळी सगळा थवा दिसतो आणि दुसऱ्या सकाळी गाळावर फक्त पावलांचे ठसे असतात.

सीनेची लेक
वडकबाळच्या पुलाखाली टिटवीचे घरटे होते. घरटे म्हणजे काय, खड्यांमधला उथळ खळगा आणि त्यात मातकट ठिपक्यांची चार अंडी. ऊन चढले की टिटवी उठून डबक्यात जायची, पोटाची पिसे नीट भिजवायची आणि थेंब गळत असतानाच परत येऊन अंड्यांवर बसायची. बेचाळीस अंशांच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा ती थंड राखणे हेच तिचे मोठे काम असते, हे मला तिथे उमगले. माहेर सुटले तरी ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

माळावरून
ताई, फार सुंदर लिहिलेत. तुताऱ्यांमधला फरक मला अजून पटकन कळत नाही. दुर्बीण साधीच आहे. काय पाहावे?

भीमाकाठ
@माळावरून, रंगाआधी चाल पाहा. सामान्य तुतारी शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवते आणि पाण्यालगत पंख ताठ धरून झटके देत उडते. ठिपकेवाली तुतारी उडाली की कमरेवरचा पांढरा पट्टा दिसतो. सकाळी नऊच्या आत परत फिरावे, कारण त्यानंतर वाळूवरच्या तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीत सगळे थरथरते.

वाळवंट
पाहुण्यांबद्दल सर्वांनी लिहिले, आता इथेच वीण घालणाऱ्यांबद्दल लिहितो. कंठेरी चिखल्या, छोटा प्रॅटिनकोल आणि नदी सुरय हे तिघेही उघड्या वाळूवर, पाण्यापासून थोड्याच उंचीवर अंडी घालतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत पंढरपूर, सांगोला आणि सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत पाण्याचे आवर्तन सुटते. चिखल्याची अंडी उबायला २४-२५ दिवस लागतात, पाणी मात्र एका रात्रीत चढते. पाणी चढलेल्या सकाळी मी प्रॅटिनकोलची अख्खी वसाहत पाण्यावर घिरट्या घालताना पाहिली आहे, आणि ती जागा सोडून निघणे मला फार जड गेले. माणसांचे पिण्याचे पाणी अडवा असे कोणीही म्हणणार नाही. पण आवर्तन फेब्रुवारीअखेर एकदा आणि मग वीण आटोपल्यावर, असे बसवता येते का, याचा विचार तरी व्हायला हवा. वाळूचे ट्रॅक्टर हा वेगळा विषय आहे आणि त्याला असे कोणतेही समर्थन नाही.

केतूरकर
@वाळवंट, उजनीहून सोलापूरला येणाऱ्या समांतर जलवाहिनीमुळे शहरासाठी नदीत सोडावे लागणारे पाणी कमी होईल. मग घरटी वाचतील ना?

वाळवंट
काही वाचतील. पण नदीत पाणीच आले नाही तर डबकी आटतील, ओला काठ जाईल आणि तुताऱ्यांना खायला काही उरणार नाही. शिवाय पात्र कोरडे पडले की कुत्री सहज बेटांवर पोहोचतात. थोडे पाणी सतत वाहते राहणे हे या सर्वांसाठी अधिक बरे.

आजोळ पंढरपूर
माझे आजोबा वाळूत कलिंगडाचे वेल लावायचे. आळी खणताना चिखल्याची अंडी दिसली की ते तेवढी जागा सोडून बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायचे, म्हणजे गुरांचा पाय पडत नसे. मादी मोडलेल्या पंखाचे सोंग करत आम्हा मुलांना लांब न्यायची आणि आम्ही खरोखर तिच्या मागे जायचो. आजोबांनी मात्र आम्हाला घरट्याची जागा कधीच दाखवली नाही.

सीनेची लेक
किती जाणते होते तुमचे आजोबा. आम्हालाही घरात कलिंगड नदीतलेच लागायचे.

माळावरून
एक विचारायचे राहिले. हे पक्षी परत कधी येतात? मी हिप्परगा तलावाजवळ राहतो.

भीमाकाठ
तुम्हाला दिवाळीपर्यंत थांबावे लागणार नाही. हिरवी तुतारी जुलै-ऑगस्टमध्येच परतू लागते, श्रावणात तलावाच्या काठच्या उथळ पाण्याकडे लक्ष ठेवा. आणि @वाळवंट, पुढच्या आवर्तनाची तारीख कळली तर इथे आधी लिहा. औजच्या खालच्या वाळूवर आत्ता प्रॅटिनकोल बसलेले आहेत आणि काठावरच्या शेतकऱ्यांशी बोलून निदान घरट्यांची नोंद तरी आपल्याला करता येईल.