इंडेक्स असून पण टाइल निघायला लय वेळ लागतोय

होटगीरोडवाला:
सोलापूर जिल्ह्याचा ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाचा डेटाबेस) टाकलाय, वेक्टर टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) काढतोय, पण झूम १४ ला सिद्धेश्वर तलावाजवळची एक टाइल निघेपर्यंत चहा गार होतोय. जिओम कॉलमवर (आकार ठेवलेला रकाना) जिस्ट इंडेक्स (जागेवरनं शोधायची सूची) आहे की ओ, तरी एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) सेक स्कॅनच, म्हणजे सगळं टेबल वाचणंच दिसतंय. रॅम वाढवू काय?

सातरस्ता_७:
रॅम नको भावा, आधी क्वेरीतली व्हेअर अट बघ. डेटा ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशाची पद्धत) आणि एसटी_ट्रान्सफॉर्म (एका पद्धतीतनं दुसरीत फिरवणारं फंक्शन) तू कॉलमवरच लावलायस ना? इंडेक्स मूळ कॉलमवर बांधलाय, मग तो वापरणार कसा, प्रत्येक ओळ फिरवून तपासत बसतो बिचारा. उलटं कर, एसटी_टाइलएन्व्हलपनं टाइलची चौकट काढ, ती ४३२६ मध्ये फिरव आणि && नं (चौकटी एकमेकींवर येतात का ते बघणारं चिन्ह) जुळव. मी तर कॉलमच ३८५७ मध्ये (वेब टाइलचीच पद्धत) ठेवतो, कटकट नको.

होटगीरोडवाला:
सेम तेच होतं राव 🙈 आता बिटमॅप इंडेक्स स्कॅन येतोय, म्हणजे इंडेक्स वापरतोय, पटापट निघतायत. पण झूम ७ (लांबनं बघताना) अजून रखडतंय.

नकाशेबाज:
तिथं जिस्ट तरी काय करणार, अख्खा जिल्हा एकदोन टाइलमध्येच बसतो, सगळ्याच ओळी लागतात. फक्त ट्रंक, प्रायमरी अशा मोठ्या रस्त्यांपुरता पार्शल इंडेक्स (ठरावीक ओळींचाच) बांध, एनएच ६५ दिसला की झालं, गल्लीबोळ कशाला? क्वेरीत पण तीच अट लिही, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा) त्याला हातच लावत नाही. आणि नंतर अनालाइज (प्लॅनरसाठी टेबलची आकडेवारी ताजी करणारी कमांड) चालव, मी स्वतः दोनदा विसरलोय.