शांदोर कान्यादी नक्की कुठला कवी? रोमानियाचा की हंगेरीचा?

पानगळ:
मंडळी, परवा शांदोर कान्यादीची एक लांबलचक कविता अनुवादात वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. व्हिएन्नातल्या ऑगस्टिनियन चर्चमधे मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, चाललंय, ऐकणारा गर्दीत एकटा, आणि ऐकता ऐकता मन थेट आपल्या माणसांत जाऊन पोचतं. पुस्तकामागच्या परिचयात जन्म रोमानिया, भाषा हंगेरियन, मृत्यू बुडापेस्ट असं लिहिलंय. मग हा धरायचा कुठला? आणि याचं पुढे काय वाचू?

जुनी_वही:
हंगेरियनमधे आडनाव आधी येतं, म्हणून तिकडे तो कान्यादी शांदोर. जन्म १९२९, ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. गावाच्या हंगेरियन नावाचा शब्दशः अर्थ मोठं कबुतरगाव. आता हे बघा, पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहात ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाला गेला, म्हणजे आईवडलांच्या जन्माच्या वेळी जे गाव हंगेरीच्या राज्यात होतं तेच गाव याच्या जन्माच्या वेळी रोमानियात. १९४० मधे हा अकरा वर्षांचा असताना ते परत हंगेरीकडे आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परत रोमानियाकडे, आणि या सगळ्यात घरात बोलायची भाषा मात्र एकच. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला एका देशाचं नाव हे उत्तर होऊच शकत नाही. मी त्याला ट्रान्सिल्व्हेनियाचा हंगेरियन कवी म्हणते.

सायंतारा:
त्याच्या मोठ्या कवितांबद्दल सगळे बोलतात, पण मला वाटतं त्याचं खरं काम लहान मुलांत आहे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लुज शहरात, म्हणजे हंगेरियन लोकांच्या कोलोझ्वारमधे, तो १९६० ते १९९० अशी तीस वर्षं सूर्यकिरण अशा अर्थाच्या नावाच्या एका मुलांच्या मासिकात संपादक होता. अल्पसंख्याकांच्या भाषेचं मासिक, आणि त्यातली बरीच वर्षं रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची!! पोराला आपल्या भाषेत वाचायला चांगलं काही मिळालं नाही तर पुढे मोठ्यांच्या कविता वाचणार कोण? तो शाळाशाळांत जायचा, कविता म्हणून दाखवायचा. एकदा एका वर्गात त्याने विचारलं, कविता म्हणजे काय, तर एक मुलगा म्हणाला, जी म्हणायची असते ती. हा किस्सा तो नंतर पुन्हा पुन्हा सांगायचा.

वाचायचं तर 'काळं-तांबडं' वाच. सेक नावाच्या गावातल्या हंगेरियन मुली क्लुजमधे घरकामाला असायच्या, सुट्टीच्या दुपारी आपल्या काळ्या-तांबड्या कपड्यांत रस्त्यावर जमून नाचायच्या, त्यावर आहे. कविता पुढे जाते तसे हे दोनच रंग फिरत राहतात, काळं तांबडं, काळं तांबडं, आणि शेवटी आपलेच पाय ठेका धरायला लागतात. मोठ्याने म्हणून बघ, मनात वाचू नकोस.

गच्चीवरून:
सगळं पटलं, फक्त एक राहिलं. नुसता 'आपल्या भाषेचा रखवालदार' म्हणून त्याच्याकडे बघितलं तर अर्धा कान्यादी हातातून सुटतो. त्याने रोमानियन कवी हंगेरियनमधे आणले, ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मनभाषक सॅक्सन लोकांची लोकगीतं आणली, तिथल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतली गाणीसुद्धा आणली. त्याचं भांडण सत्तेशी होतं, शेजारच्या भाषेशी कधीच नव्हतं. १९८७ मधे रॉटरडॅमच्या कविसंमेलनाचं आमंत्रण आलं, सरकारने पासपोर्ट दिला नाही, तर त्याने रोमानियाच्या लेखक संघाचा राजीनामाच दिला. तेव्हाच्या रोमानियात असं करणं म्हणजे काय, विचार करा.

१९९३ मधे हंगेरीचा कोशुत हा मोठा सरकारी पुरस्कारही मिळाला. २०१८ मधे बुडापेस्टला वारला, पण पुरलं मात्र त्याच कबुतरगावात.

पानगळ:
जुनी_वही, आईवडील आणि मुलगा एकाच गावात दोन देशांत जन्मले हे वाचून ती व्हिएन्नाची कविता परत काढली, आता वेगळीच लागतेय. सायंतारा, 'काळं-तांबडं' मिळाली, घरी कुणी नव्हतं तेव्हा दोनदा मोठ्याने म्हटली. दुसऱ्यांदा खरंच पाय हलला. आता ती यिडिश गाणी शोधतेय, कुणाकडे अनुवाद असेल तर सांगा.