मदत हवी आहे: प्रावरण घन असेल, तर भूपट्ट सरकतात कसे?

भूगोलप्रेमी:
पृथ्वीच्या अंतरंगाची छेद दाखवणारी प्रतिकृती करायची आहे, जोडीला भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे मोठे तुकडे) का सरकतात याचा एखादा सोपा प्रयोग. पण चित्रांत प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांमधला थर, लालभडक रसासारखं रंगवलेलं दिसतं, उदाहरण पातेल्यात उकळणाऱ्या पाण्याचं असतं, आणि मजकुरात मात्र ते घन आहे असं लिहिलेलं. खरं काय? शिवाय भूकवच किती जाड दाखवायचं?

खडकवेडा:
घनच. दुय्यम भूकंपलहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून आरपार जातात. त्या थांबतात २,८९० किमी खोलीवर, बाह्य गाभ्याच्या सीमेशी. अखंड द्रव थर तेवढा एकच. तेव्हा लाल रसाचा समुद्र अजिबात नको.

घन असून वाहतं कसं, हे हिमनदीवरून समजेल. बर्फाचा खडा हातोडीने फुटतो, पण तोच बर्फ उतारावर संथपणे वाहत राहतो, कारण त्याच्या स्फटिकांना आकार बदलायला वेळ मिळतो. प्रावरणातला खडक वितळणबिंदूच्या बराच जवळ असतो, म्हणून तोही वर्षाला काही सेंटीमीटर सरकतो. काही जण डांबराचं उदाहरण देतात. ते टाळा, डांबर हा मुळात अतिदाट द्रव आहे.

माप १ सेमी = ५०० किमी धरा. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, म्हणजे १२.७ सेमी. केंद्रापासून २.४ सेमीवर अंतर्गाभा संपतो, ७ सेमीवर बाह्य गाभा, उरलेले ५.७ सेमी जवळजवळ सगळं प्रावरण. खंडांखालचं कवच सरासरी ३५ किमी, म्हणजे जेमतेम ०.७ मिमी. सागरतळाचं ७ किमी कवच तर ०.१४ मिमी भरतं, साध्या कागदाएवढं! सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कवच बोटभर जाड दाखवलं जातं.

आणि भूपट्ट म्हणजे नुसतं कवच नव्हे. कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा थंड, कडक भाग मिळून शिलावरण होतं, साधारण १०० किमी. ते २ मिमीच्या पुठ्ठ्याने दाखवा.

लहरमापक:
पातेल्याच्या उदाहरणाने आणखी एक गैरसमज होतो: खाली प्रवाह फिरतात आणि पट्ट त्यांवर तराफ्यासारखे वाहून जातात. खरं तर पट्ट हेच त्या अभिसरणाचं (गरम वर, थंड खाली अशा फिरण्याचं) वरचं, थंड झालेलं अंग आहे. सागरी पट्ट जुना होतो तसा थंड, जाड आणि जड होत जातो. खंदकापाशी, म्हणजे सागरतळावरच्या खोल चरापाशी, तो खाली घुसतो, तिथे दाबामुळे त्याच्या कवचातल्या बेसाल्ट खडकाचा जास्त घनतेचा एक्लोजाइट खडक बनतो आणि बुडणारं टोक मागच्या सगळ्या पट्टाला ओढतं. १९७५ मध्ये फोर्साइथ आणि उयेदा या भूभौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्या पट्टांच्या कडेचा मोठा भाग असा बुडतो, तेच वेगवान असतात. पॅसिफिक पट्ट त्यातला, युरेशियन पट्ट मात्र मंद. मध्य महासागरी रांगेच्या (पट्ट जिथे एकमेकांपासून दूर जातात त्या समुद्राखालच्या डोंगररांगेच्या) उतारावरून होणारी ढकल आहेच, पण तिचा जोर कमी.

प्रयोग: गुळगुळीत टेबलावर मीटरभर लांब सुती कापड पसरा. एक टोक काठावरून थोडंथोडं खाली सोडत जा. घर्षणगुणांक (कापड आणि टेबल यांच्यातल्या घर्षणाचं माप) ०.५ असेल तर एक-तृतीयांश लांबी लोंबली की कापड घसरतं. तुमच्या टेबलावर ते कुठे घसरतं ते मोजा, मग त्याच्या ५-६ सेमी अलीकडे थांबवून लोंबत्या टोकावर पाणी फवारा. ओलं टोक जड झालं की उरलेलं कापड ओढलं जातं. पाणी काठापर्यंत चढू देऊ नका, टेबलावरचा भाग भिजला तर चिकटून बसतो आणि प्रयोग फसतो.

एक फरक बघणाऱ्यांना जरूर सांगा. कापड सुटलं की वेग घेतं. पट्टाला मात्र दाट प्रावरण सतत अडवत असतं, म्हणून त्याचा वेग सेंटीमीटरांतच राहतो.

भूगोलप्रेमी:
खूप आभार, गुंता बराच सुटला. पण प्रावरण घन, तर रांगेपाशी मॅग्मा (वितळलेला खडक) येतो कुठून?

खडकवेडा:
पट्ट दोन्हीकडे ओढले गेले की पोकळी भरायला खालचा खडक वर येतो. वर येताना तापमान फारसं उतरत नाही, दाब मात्र झपाट्याने घटतो आणि त्यासोबत वितळणबिंदूही. त्यामुळे खडकाचा थोडा अंश वितळतो. रांगेखाली रसाची टाकी न काढता वर निमुळती होणारी त्रिकोणी पट्टी रंगवा.